खाटेशेजारी बसून म्हटलेलं गाणं

गिटारच्या दांडीवर बसवायचा एक छोटा चिमटा असतो. त्याला कॅपो म्हणतात. तो सरकवला की गाण्याची पट्टी बदलते, बोटांची ठेवण मात्र तीच राहते. मी दर गुरुवारी दुपारी ज्या रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून जाते, तिथे ८१ वर्षांचे एक लोकगायक येतात. गिटार ते मुळातच एक सूर उतरवून लावतात आणि चिमटा शर्टाच्या खिशात ठेवतात. खोलीत शिरले की गिटारला हात लावण्याआधी खाटेवरच्या माणसाशी दोन-तीन मिनिटं बोलणार. झोप लागली का, खिडकीतून काय दिसतं, घरचं कुणी येऊन गेलं का, असलंच साधं काहीतरी. कितीतरी महिने मला ती त्यांची विचारपूस वाटत होती. एकदा लिफ्टची वाट बघताना ते म्हणाले, "मी त्याचा आवाज ऐकत असतो. तो कुठल्या पट्टीत बोलतो ते समजलं की चिमटा कुठे लावायचा ते समजतं."

हे रुग्णालय अमेरिकेतल्या माजी सैनिकांचं आहे. इथली माणसं व्हिएतनामला, इराकला, अफगाणिस्तानला जाऊन आलेली. काहींनी एकही लढाई बघितलेली नाही. वीस वर्षं जर्मनीत किंवा कोरियात नोकरी करून ती परतलेली आहेत. माझं काम किरकोळ आहे. गायकाबरोबर चालायचं, कुठल्या खोलीत जायचं ते परिचारिकेला विचारायचं, खुर्ची लावायची, दार किती उघडं ठेवायचं ते बघायचं. ती युद्धं माझी नाहीत आणि ती गाणीही माझ्या लहानपणची नाहीत. त्यामुळे मला मध्ये बोलण्यासारखं फारसं काही नसतं. मी ऐकते आणि बघते.

मागच्या हिवाळ्यात स्वयंसेवकांच्या बैठकीत एक प्रश्न निघाला. या वयस्कर लोकगायकांना बोलावत राहावं का? एकाचं म्हणणं, आजारी माणसासमोर आणखी एक थकलेला माणूस कशाला आणून बसवायचा, तरुण पोरं आणा, वॉर्डात जरा चैतन्य येईल. दुसऱ्या बाईंचं म्हणणं नेमकं उलट, इथले बहुतेक रुग्ण वयस्करच आहेत, तेव्हा म्हाताऱ्यांना म्हाताऱ्यांची गाणी हेच बरं. दोन्ही बाजूंनी माणसं चांगली, रुग्णांविषयी कळकळ असलेली. मी गप्प बसले, कारण दोन्हींत काहीतरी चुकतंय एवढंच जाणवत होतं, काय चुकतंय ते नेमकं सांगता येत नव्हतं. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

आधी हिशेबच मांडते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात १ कोटी ६० लाखांहून जास्त माणसं होती. त्यांतली आता १ लाखही उरलेली नाहीत, आणि जी आहेत ती शंभरीच्या आसपासची. म्हणजे आज वॉर्डात 'म्हातारा माजी सैनिक' म्हणून जो खाटेवर असतो तो बहुतेक वेळा व्हिएतनामच्या काळातला असतो. सक्तीची सैन्यभरती १९७३ मध्ये थांबली. १९६८ साली जो वीस वर्षांचा होता तो आता ऐंशीच्या उंबरठ्यावर आहे. माणसाला सगळ्यात घट्ट आठवतं ते साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांदरम्यानचं, हे स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्यांनी वारंवार दाखवलंय, आणि गाण्यांच्या बाबतीत तर ते फारच खरं आहे. मग त्या वीस वर्षांच्या मुलाच्या कानावर काय पडत होतं? दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीतून, सायगावहून, सैन्याचं स्वतःचं रेडिओ केंद्र चालायचं. त्यावर सोल, रॉक, कंट्री असं सगळं लागायचं. आणि आम्ही मात्र १९४० च्या सुमाराची नाचाची गाणी 'तुमच्या काळातली गाणी' म्हणून त्याला ऐकवायला जातो! ती त्याच्या आईवडिलांची गाणी. एका गृहस्थांनी हे मला अगदी शांतपणे सांगितलं होतं. "हे गाणं लागलं की बाबा रेडिओचा आवाज वाढवायचे आणि मी घराबाहेर पडायचो."

आखाती युद्धाला, १९९१ ला, गेलेली माणसं आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत. इराक-अफगाणिस्तानवाले त्यांच्याहून लहान. त्यांच्यातल्या एखाद्याच्या खोलीत बँजो (गिटारसारखं, पण गोल, चामडं ताणून बसवलेल्या अंगाचं अमेरिकी तंतुवाद्य) घेऊन ८१ वर्षांचा माणूस शिरला तर तो त्याच्या आजोबांचं काहीतरी घेऊन आलाय असंच त्याला वाटणार. शिवाय सगळे माजी सैनिक पुरुष असतात असं धरून चालण्याची खोड अजून जात नाही. या देशात माजी सैनिक असलेल्या बायका सुमारे २० लाख आहेत. टोकाच्या खोलीतल्या एका बाई सैन्याच्या ट्रकांच्या मेकॅनिक होत्या. भेटीला आलेल्या एका पाहुण्या गायकाने त्यांच्या शेजारी बसलेल्या नवऱ्याचा हात हातात घेऊन देशसेवेबद्दल आभार मानले. नवरा शाळेत शिक्षक होता, बिचारा ओशाळून गेला. बाई काही बोलल्या नाहीत, पण गाणं संपेपर्यंत त्यांनी टीव्हीकडेच बघितलं. मला त्या दिवशी फार लाज वाटली. खोलीत शिरण्याआधी गायकाला एवढं सांगणं हे माझं काम होतं.

तेव्हा वयाला वय जुळवून प्रश्न सुटत नाही.

याहून अवघड गाठ दुसरीच आहे. या देशातले आज ज्येष्ठ असलेले लोकगायक तरुण होते तेव्हा त्यांच्यातले बरेच जण युद्धाच्या विरोधात उभे होते. जोन बाएझ तर १९७२ च्या डिसेंबरमध्ये, अमेरिकी विमानं बॉम्ब टाकत असताना, उत्तर व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईत होत्या. खाटेवरचा माणूस तेव्हा वर विमानात किंवा खाली चिखलात असू शकतो. पन्नासहून जास्त वर्षं झाली, तरी काहींना गिटारचा आकार दिसला की तेच आठवतं.

हे मी प्रत्यक्ष बघितलंय. दुसऱ्या मजल्यावरच्या एका रुग्णाने आमच्या गायकाकडे बराच वेळ बघून विचारलं, "तू तेव्हा कुठे होतास?" कुठल्या 'तेव्हा'बद्दल विचारतोय हे दोघांनाही ठाऊक होतं. गायकाला सटकता आलं असतं. कॉलेजात होतो म्हणाले असते तरी ते खोटं ठरलं नसतं. ते म्हणाले, "मोर्च्यात होतो." सलाइनचं यंत्र टिकटिकत होतं तेवढाच आवाज. मग रुग्ण म्हणाला, "माझी बहीणपण होती." जरा वेळाने, छताकडे बघत, "आज नको." गायकाने मान डोलावली, गिटार पेटीत ठेवली आणि आम्ही बाहेर आलो. पुढच्या गुरुवारीही त्याने नको म्हटलं, त्याच्या पुढच्याही. त्याने कधीच बोलावलं नाही. पण आम्ही दारावरून जाताना तो हात वर करायचा आणि आमचे गायकही करायचे.

मला वाटतं, रुग्णालयात गायला येणाऱ्याला सगळ्यात आधी हे यायला हवं: 'नको' ऐकून मन खट्टू न करता उठता येणं. इथल्या माणसाच्या आयुष्यात 'नको' म्हणायला जागाच कुठे असते? रक्त काढायला आले, नको म्हणता येत नाही. पहाटे चारला रक्तदाब बघायला आले, तेव्हाही नाही. गाणं ही दिवसभरातली एकच गोष्ट अशी, की जी नाकारली तरी कुणाचं बिघडत नाही.

आणि युद्धाला गेलेले आणि युद्धाला विरोध करणारे यांच्यातली भिंत वाटते तेवढी सरळ नाहीच. लोकगायक पीट सीगर यांचं नाव युद्धविरोधाशी कायमचं जोडलं गेलंय. तेच सीगर १९४२ मध्ये सैन्यात भरती झाले होते, पुढे पॅसिफिकमधल्या सायपान बेटावर होते आणि तिथल्या रुग्णालयातल्या जखमी सैनिकांच्या करमणुकीची व्यवस्था बघत होते. कंट्री जो मॅक्डोनल्ड या गायकाचं व्हिएतनामवरचं गाणं युद्धविरोधी मेळाव्यांतून घुमलं, पण तो स्वतः नौदलात नोकरी करून आलेला होता. गाणारे आणि लढणारे अशी दोन वेगळी गावं कधी वसलीच नव्हती. पुष्कळ घरांत एक भाऊ तिकडे होता आणि एक बहीण मोर्च्यात.

आता कानांबद्दल. हे मला खरोखर तपशीलात सांगायचंय, कारण बैठकीत याविषयी कुणी अवाक्षरही काढलं नाही.

अमेरिकेत माजी सैनिकांना नोकरीमुळे आलेल्या ज्या व्याधींसाठी भरपाई मिळते, त्यांत पहिला क्रमांक कानात सतत होणाऱ्या आवाजाचा आहे, आणि कमी ऐकू येणं त्याच्या फार मागे नाही. बंदूक, तोफ, हेलिकॉप्टर, विमानवाहू जहाजाचा डेक या सगळ्यांनी आधी जातात ते वरचे, बारीक सूर. खालचे बऱ्यापैकी राहतात. शिवाय अशा कानाची एक खोड असते: हळू आवाज ऐकूच येत नाही आणि तोच थोडा वाढवला की एकदम बोचतो. मधली आरामाची जागा फार अरुंद. श्रवणयंत्र लावलं तरी ते मुळात बोलणं कळावं म्हणून बनवलेलं असतं, त्यातून व्हायोलिन पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं येऊ शकतं.

आमचे गायक सुरुवातीला बँजो आणायचे. बँजोचा सूर आघातानेच निघतो, टणटणीत आणि वरचा. वॉर्डातल्या सगळ्यांच्या दिवाणखान्यात आठ-दहा जण बसले होते, त्यांनी बँजो छेडला आणि पहिल्या रांगेतल्या दोघांनी एकदमच हात कानांकडे नेले. त्यातल्या एकाने श्रवणयंत्र काढून खिशात टाकलं आणि मग तासभर तो नुसता हसऱ्या चेहऱ्याने बसून राहिला, काहीही न ऐकता. ते हसू मला अजून आठवतं. पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून धरून ठेवलेलं. पुढच्या वेळेपासून बँजो घरी राहिला. गिटार आली, तीही नखाने न वाजवता बोटाच्या मांसल भागाने वाजवलेली, जाड तारांवर जास्त.

इथे वयाचा खरा उपयोग मला दिसला. ऐंशीच्या पुढच्या गायकाचे स्वतःचे वरचे सूर गेलेले असतात, ऐकायचेही आणि गायचेही. तो आपोआप खाली उतरलेला असतो. सावकाश गातो, कारण दम तेवढाच आहे. दोन ओळींमध्ये थांबतो, कारण श्वास घ्यायचाय. आणि नेमका तेवढाच वेळ नाकात ऑक्सिजनची नळी असलेल्या माणसालाही लागतो. तरुण, कसलेला, लांब पल्ल्याचा आवाज ऐकायला सुंदर, पण त्याच्याबरोबर गाता येत नाही. खाटेवरचा माणूस एका ओळीनंतर मागे पडतो आणि पुन्हा श्रोता होऊन जातो. सीगर यांचा आवाज उतारवयात विरत गेला, तेव्हा ते ओळ नुसती बोलून दाखवायचे आणि गायचं काम समोरच्या लोकांवर सोपवायचे. लोकगीताची बांधणीच तशी असते. कडवं एकाचं, झील सगळ्यांची. मधलं एखादं कडवं विसरलं तरी गाणं पडत नाही.

बॉस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातच १९७३ च्या सुमारास एक उपचारपद्धत तयार झाली. पक्षाघातानंतर बोलता न येणाऱ्या काही रुग्णांना शब्द सुरावर घोळवून, हाताने ठेका धरून, पुन्हा बोलतं करायचा प्रयत्न त्यात असतो. बोलणं गेलेला माणूस गाऊ मात्र शकतो, या जुन्या निरीक्षणावर ती उभी आहे. ते प्रशिक्षित माणसांचं काम, आमच्यासारख्यांनी त्यात हात घालू नये. पण ते निरीक्षण किती खरं आहे हे मी एका दुपारी बघितलं. त्या गृहस्थांना 'पाणी' म्हणायला अर्धं मिनिट लागायचं. आमच्या गायकाने एक सोपं, सगळ्यांना ठाऊक असलेलं गाणं घेतलं आणि झीलेशी येऊन थांबले. खाटेवरून झील आली. अख्खी ओळ, शब्दासकट, सुरात. त्यांची बायको पायथ्याशी पांघरुणाची घडी घालत होती, तिचे हात तिथेच थांबले. गाणं संपलं आणि त्यांनी तिच्याकडे बघून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द पुन्हा गेलेले होते. मग गायकाने तेच गाणं परत म्हटलं. चार वेळा म्हटलं. त्या दिवशी बाकीच्या खोल्या राहून गेल्या आणि मला कुणी विचारलं तर मी तेच बरोबर झालं म्हणेन.

रुग्णालयातल्या संगीताचा इतिहास सैनिकांपाशी पुन्हा पुन्हा येतो. पहिल्या महायुद्धातल्या जखमी कॅनेडियन सैनिकांबरोबर काम केलेल्या पियानोवादक मार्गारेट अँडरटन यांनी १९१९ मध्ये कोलंबिया विद्यापीठात हा विषय शिकवायला घेतला. १९४५ मध्ये अमेरिकेच्या युद्धखात्याने लष्करी रुग्णालयांत संगीत कसं वापरावं याचं रीतसर पत्रकच काढलं. १९५० पर्यंत संगीतोपचाराच्या पेशाची राष्ट्रीय संघटना उभी राहिली होती. याच काळात इरा अल्टशुलर नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी एक साधी गोष्ट मांडली: रुग्णाची मनःस्थिती जशी असेल तसं संगीत आधी वाजवा, मग हळूहळू हवं तिकडे न्या. खिन्न माणसासमोर एकदम आनंदाचं गाणं टाकू नका. आमच्या गायकांनी हे नाव ऐकलेलं नव्हतं. मी सांगितल्यावर म्हणाले, "हो, नाहीतर माणूस मागे राहतो."

माझ्या हातून झालेली एक चूक इथे लिहायलाच हवी. अमेरिकेत सैन्याच्या प्रत्येक दलाचं आपापलं गाणं आहे. समारंभात ती एकापाठोपाठ एक वाजवतात आणि ज्या दलाचं गाणं लागेल त्या दलातले माजी सैनिक उभे राहतात, लोक टाळ्या वाजवतात. मला तो प्रघात फार आवडायचा. नोव्हेंबरात माजी सैनिक दिनाच्या आठवड्यात मीच गायकांना म्हटलं, दिवाणखान्यात आज ती गाणी घ्या ना. ते जरा घुटमळले, पण घेतली. भूदलाचं झालं, नौदलाचं झालं. व्हीलचेअरवरच्या मंडळींनी हात वर केले, सगळं छान चाललं होतं. मरीन दलाचं गाणं सुरू झालं आणि खिडकीजवळचे एक गृहस्थ उठू लागले. मनगटात पिवळा पट्टा होता, म्हणजे पडण्याचा धोका असलेला रुग्ण, आधाराशिवाय उठायचं नाही. त्यांनी खुर्चीचे हात धरले, कोपरं थरथरायला लागली, पाय जमिनीवर घसरत होते आणि नजर सरळ समोर. परिचारिका धावली, तिने खांदे धरून बसायला सांगितलं. ते बसेनात. गाणं चालू असताना त्यांना बसणं शक्यच नव्हतं. आमच्या गायकांना ते माझ्या आधी समजलं. त्यांनी गाणं मध्येच तोडलं नाही. लय वाढवली, दोन ओळी गाळल्या, शेवट गाठला आणि वाजवणं थांबवलं. मगच ते गृहस्थ खाली बसले. कपाळावर घाम होता. मी पाण्याचा पेला घेऊन गेले तर त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नीट उभं राहता आलं नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं आणि तो प्रसंग त्यांच्यावर मी आणला होता.

बाहेर आल्यावर मी गायकांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "मला नको म्हणायला हवं होतं. मी जास्त जुना आहे." त्यानंतर ती गाणी आम्ही फक्त कुणी मागितली तर, आणि खोलीत, पडल्यापडल्या ऐकता येतील अशीच घेतो.

सगळे वयस्कर लोकगायक असे असतात असं मी म्हणणार नाही. काही येतात ते स्वतःची तरुण वर्षं पुन्हा जगायला येतात. अमक्या कॅफेत मी तमक्याबरोबर कसं वाजवलं, याची गोष्ट गाण्यापेक्षा लांब होते आणि खाटेवरचा माणूस सौजन्याने ऐकत राहतो. काहींना स्वतःलाच कमी ऐकू येत असल्यामुळे ते फार मोठ्याने गातात. काही जण रुग्णाच्या पाठीमागे उभे राहून एकदम सुरू करतात. युद्धावरून आलेल्या माणसाच्या पाठीमागून कधी काही सुरू करू नये, त्याला दार आणि माणूस दोन्ही दिसले पाहिजेत. आणि खोलीबाहेर संसर्गाची पाटी असेल, गाऊन-मास्क चढवायला लागणार असेल, तर ८१ वर्षांच्या माणसाला आत पाठवणं हा त्याच्यावरही अन्यायच. अशा वेळी एखादी पंचविशीतली मुलगी युकुलेले, म्हणजे चार तारांची छोटी गिटार, घेऊन आत जाते आणि फार सुंदर काम करते. तिला मी बघितलंय. ती रुग्णाला विचारते, "तुम्हाला माझ्या वयाचे असताना काय आवडायचं?" आणि ते गाणं तिला येत नसेल तर तसं सांगून त्याच्याकडूनच चाल शिकून घेते. तिला कुणी लोकगायिका म्हणत नाही. मी म्हणते.

आता त्या दुपारविषयी. तिसऱ्या मजल्यावर हेलिकॉप्टरवर क्रू चीफ, म्हणजे हेलिकॉप्टरची देखभाल करणारे आणि त्यातूनच उडणारे, असलेले एक गृहस्थ होते. वय ७८. मधुमेहाने एक पाय गुडघ्याखाली काढलेला, दुसऱ्याची जखम भरत नव्हती. आधीच्या दोन गुरुवारी त्यांनी नुसतं ऐकून घेतलं होतं, नीट आभार मानले होते, बस्स. त्या दिवशी गायकांनी रेल्वेच्या अपघातावरचं एक फार जुनं गाणं घेतलं. पहिलं कडवं झालं आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला खाटेवरून आवाज आला. चाल तीच, शब्द निराळे. आगगाडीच्या जागी हेलिकॉप्टर, इंजिनचालकाच्या जागी एक लेफ्टनंट, त्याच्या नकाशावाचनाविषयी असं काहीतरी की मला लिहिता येणार नाही. गायकांनी ताबडतोब स्वतःचे शब्द सोडले आणि नुसती साथ धरली. चिमटा एक घर खाली सरकवला, कारण गृहस्थांचा आवाज जाड होता. तीन कडवी झाली. चौथ्याला ते अडखळले, डोळे मिटून घेतले. बोटं पांघरुणावर हलत होती. गायक त्याच दोन सुरांवर फिरत राहिले, घाई केली नाही. मग चौथं कडवं आलं आणि त्यात लेफ्टनंटची चेष्टा नव्हती, त्यात चार जणांची नावं होती.

हे गाणं कुणी रचलं, असं गायकांनी विचारलं. "कुणी नाही. आम्हीच. रात्री बरॅकमध्ये. एकाकडे गिटार होती."

व्हिएतनाममध्ये अशी असंख्य गाणी झाली. जुन्या चालींवर नवे शब्द, टिंगल, शिव्या, वरिष्ठांचा उद्धार आणि मध्येच एखादं असं कडवं. एडवर्ड लान्सडेल नावाच्या हवाईदलाच्या निवृत्त जनरलने सायगावातल्या आपल्या घरी होणाऱ्या बैठकींतली गाणी ध्वनिमुद्रित केली होती आणि ती पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा केली. त्या टेपांवर सापडली ती थोडी. बाकीची माणसांबरोबर घरोघरी परत आली आणि पन्नास वर्षं कुणी विचारलं नाही म्हणून गप्प पडून राहिली. आम्ही बैठकीत बसून लोकगायक रुग्णांना मानवतात की नाही याचा खल करत होतो, तेव्हा खाटेवर पडलेला माणूस स्वतःच लोकगायक असेल हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. त्याला ओळखायला मात्र तीच जुनी चाल ठाऊक असणारं कुणीतरी खोलीत हवं होतं. त्या युकुलेलेवाल्या मुलीला ती चाल आली नसती. मलाही नाही. ८१ वर्षांच्या त्या माणसाला ती आपल्या आजीकडून आली होती.

गायकांनी खिशातून वही काढली. सांधेदुखीमुळे त्यांना भरभर लिहिता येत नाही, म्हणून लिहून मी घेतलं. गृहस्थांनी चारही कडवी सावकाश सांगितली, लेफ्टनंटबद्दलची ओळ सांगताना "बाई आहेत समोर" म्हणून थांबले, मग मी खाली बघून लिहीत राहिले तेव्हा तीही सांगितली. नावं मात्र त्यांनी स्वतः लिहिली. वही मांडीवर घेतली, पेन घट्ट धरलं, एकेक अक्षर ठळक.

महिन्याभराने जखम भरली आणि ते घरी गेले. त्यानंतरच्या एका गुरुवारी दिवाणखान्यात कुणीतरी हेलिकॉप्टरचा विषय काढला, तेव्हा आमचे गायक म्हणाले की एका मित्राचं गाणं म्हणतो. त्यांनी पहिलं कडवं म्हटलं, दुसरं म्हटलं. मागच्या बाजूला व्हीलचेअरवर, टोपी डोळ्यांवर ओढून बसलेल्या एका माणसाने हात वर केला.

"चुकतंय तुझं," तो म्हणाला. "दुसऱ्या कडव्याची शेवटची ओळ तशी नाही. आमच्या कंपनीत निराळी होती."

गायकांनी वाजवणं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी वही उघडली. पेन सापडेना. टोपीवाल्या माणसाने स्वतःच्या खिशातलं काढून दिलं आणि खुर्ची पुढे सरकवायला सांगितली.